पाठमोरी

त्र्यंबकरावांना हसू आलं तरी ते मिशीवरून बोट फिरवीत आणि लाज वाटली तरी मिशीवरूनच फिरवीत. नेमकं काय चाललंय ते ओळखायचं तर त्यांचे कान पाहावे लागत. लाज असली की कान लाल होत. हे शास्त्र जगात एकट्या सगुणेला ठाऊक होतं आणि तिने ते कुणाला शिकवलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी ट्रंक उघडून ते ओसरीवर आपल्या जुन्या चित्रांच्या वह्या काढून बसले होते आणि कान चांगलेच लाल झाले होते.

झालं होतं असं की, ठाण्याच्या कचेरीत त्र्यंबकराव जमिनीचे नकाशे उतरवून काढीत. दुसऱ्याने मोजलेली शेतं, दुसऱ्याने आखलेले बांध आणि त्यात भरायचा तो ठरलेला फिका हिरवा रंग. एखादं झाड आवडलं म्हणून ते काढावं, अशी सोय तिथे नव्हती. त्यामुळे कचेरीतून आलेला हा माणूस जेवे, झोपे, पण बोलत नसे. सुट्टीच्या दिवशी रंगांची पेटी घेऊन खाडीकडे गेला की तोच माणूस गुणगुणत घरी येई. अशात कल्याणच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा निघाली. रोज रंग, रोज कागद आणि वर पोरांचा गलबला! अर्ज केल्या दिवसापासून त्र्यंबकराव जेवताना बोलायला लागले होते. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोलत, पण बोलत. सगुणेला ती जागा हवी होती ती यासाठी.

निवड करायला मुंबईहून परीक्षक येणार होते. त्यांनी कळवलं होतं, की उमेदवारांनी अगदी पहिल्यापासूनच्या वह्या आणाव्यात. हात कुठून निघाला आणि कुठवर आला ते मला पाहायचं आहे.

"कुठून निघाला ते पाहून काय मिळणार आहे यांना?" त्र्यंबकराव म्हणाले. "चालणाऱ्या माणसाला कुणी विचारतं का, की बाबा, तू रांगत कसा होतास?"

सगुणा गहू निवडत होती. ती सूप घेऊन जरा जवळ सरकली.

सगळ्यांत वरची वही अलीकडची. तिच्यात खाडीवरचा आगगाडीचा पूल होता, दुर्गाडीचा बुरूज होता, बाळकुमकडची मिठागरं होती. उन्हातली मिठाची रास म्हणजे कोराच सोडलेला कागद, पण भोवतीच्या निळसर सावलीने अशी उठली होती की डोळे दिपावेत. मधल्या वह्यांत होड्या, देवळं, पिंपळ. आणि सगळ्यांत खाली होती पहिली वही. तिचा पुठ्ठा सुटला होता. ती उघडली आणि त्र्यंबकरावांचं बोट मिशीवर गेलं.

पहिल्या वहीत पानोपानी एकच पाठ होती. विहिरीवरची पाठ, तुळशीपुढची पाठ, जात्यावर वाकलेली पाठ. लहान मुलीचीच ती, पण लुगडं असं काही फुगलेलं की आत मुलगी आहे की कापसाचं गाठोडं ते कळू नये. खोपा नारळाएवढा. मान तर काढायचीच राहिली होती.

ती पाठ सगुणेची होती.

ती या घरात आली तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती आणि त्र्यंबकरावांना मिसरूड फुटत होतं. सासूबाई, रखमाबाई, मायेच्या होत्या, पण रीत म्हणजे रीत. नवरा समोर आला की सुनेने पाठ फिरवायची. दिवसाउजेडी बोलणं नाही, बघणं नाही. सगुणा इतकी आज्ञाधारक की नवऱ्याच्या वहाणा वाजल्या की हातातलं काम तसंच ठेवून ती गर्रकन फिरे. एकदा तर पाठ फिरवण्याच्या घाईत ती दुधाच्या पातेल्यात बसली होती. इकडे या मुलाला मामाने मुंबईहून रंगांची पेटी आणून दिलेली, आणि माडीच्या खिडकीतून परसात पाहिलं की दिसायची ती ही पाठ. मुलगा शिकणार कशावर? जे पुढ्यात आहे त्यावर. आणि पुढ्यात असून तिचं तोंड कधी दिसायचं नाही.

सगुणेला त्या वहीचं ठाऊक होतं. रखमाबाई असताना तिने ती लपूनछपून पाहिली होती, त्या गेल्यावर उघड पाहिली होती. संसारात नवऱ्याने कधी कौतुकाचा शब्द काढला नाही याचं तिने वाईट वाटून घेतलं नव्हतं. शब्द नसेनात, पण वही होती. आपण परसात पाणी शेंदत होतो तेव्हा वर कुणीतरी श्वास रोखून आपल्याकडे बघत होतं, एवढं त्या वहीत स्पष्ट होतं. एवढ्यावर बायकांचे जन्म निघतात.

पण आज प्रथमच तिने सगळ्या वह्या एकामागून एक, लागोपाठ पाहिल्या. आणि तिच्या लक्षात आलं, की हात जसजसा सुधारत गेला तसतशी ती चित्रांतून कमी होत गेली. दुसऱ्या वहीत ती कुठे कुठे होती. तिसऱ्या वहीत दारातून जाताना पदराचा एक काठ, तोही सगुणेने ओळखला म्हणून. पुढे होड्या, देवळं, पूल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. गव्हातले खडे जरा जोरात उडाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पाहिलं तर त्र्यंबकराव पहिली वही घेऊन बसले होते आणि शेजारी रंगांची पेटी उघडी होती.

"इकडून हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"थोडं नीट करतोय. अगं, हे दाखवलं तर हसं होईल माझं. मास्तर व्हायला आलाय आणि याला मान काढता येत नाही, म्हणतील."

ओल्या कुंचल्याने जुना रंग सोडवायचा, टीपकागदाने उचलायचा आणि त्या जागी नवा भरायचा. हात तर आता पक्का मुरलेला. बघता बघता गाठोड्यातून मान वर आली, पाठीला पन्हळ आली, लुगड्याला घडी आली. विहिरीवर एक सडपातळ, देखणी बाई उभी राहिली. सगुणा बघत राहिली. बाई खरंच सुंदर होती. फक्त ती कोण, हे सगुणेला माहीत नव्हतं.

रोज संध्याकाळी उजेड असेतो हे चालू राहिलं. रोज एकेक दहा वर्षांची मुलगी वहीतून उठून जाई आणि तिच्या जागी ती परकी बाई येऊन उभी राही. सगुणा मूग गिळून स्वयंपाकघरात राहिली. जागेचा प्रश्न होता. नवऱ्याचं हसं व्हावं असं कुठल्या बायकोला वाटेल? पण एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. पहिल्या वहीतलं शेवटचंच पान उरलं असणार, हे तिला हिशोब न करता कळलं. ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली.

पान विहिरीवरचंच होतं. त्यातली मुलगी तिरकी उभी होती. डावा खांदा वर, उजवा खाली.

"बघ, हा खांदा," त्र्यंबकराव म्हणाले. "कुणाचा असतो का असा? तेव्हा काही समजतच नव्हतं मला."

"खांदा तसाच होता."

"अगं, माणसाचे दोन्ही खांदे..."

"माझा तसाच होता. कमरेवर घागर होती. या घरातली मोठी तांब्याची घागर. माझ्याच्याने पेलत नव्हती. इकडून वरून पाहिलं, घागर पलीकडच्या अंगाला होती म्हणून दिसली नाही. खांदा दिसला, तो काढला. तेव्हा काही समजत नव्हतं तरी बरोबर काढला." ती थांबली. एवढं सलग ती क्वचित बोले. "हे एक मी देणार नाही."

"सगुणे, परीक्षक..."

"बाकीच्या सगळ्या मी दिल्या. हिला हात लावायचा नाही."

तिने पान उचललं, पुठ्ठा सुटला होताच, आणि ती सरळ देवघरात गेली. अन्नपूर्णेच्या पाटाखाली तिने तो कागद सरकवला. त्र्यंबकराव कुंचला घेऊन मागोमाग आले आणि उंबऱ्याशी अडले. कुंचला जनावराच्या केसांचा. तो देवघरात न्यायचा नाही, हा रखमाबाईंचा दंडक त्यांच्यामागेही चालत होता. त्र्यंबकरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. उंबऱ्याबाहेर उभं राहून ते म्हणाले, "बरं. एका पानाने काय अडतंय?"

परीक्षेच्या दिवशी दोघं सकाळच्या गाडीने कल्याणला गेली. सगुणेचं माहेर तिथलंच, पारनाक्यावर तिच्या भावाचं, विश्रामचं घर होतं. मुलं ठाण्याला जावेकडे ठेवली होती. निघताना सगुणेने देवघरातून तो कागद काढला आणि पोलक्याच्या घडीत बांधून बोचक्यात घेतला. का घेतला, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. घरात कुणी नसताना तो एकटा राहू नये, असं काहीसं वाटलं खरं.

त्र्यंबकराव वह्या घेऊन शाळेत गेले ते दुपार कलल्यावर परतले. त्यांचे कान लाल नव्हते. पांढरे पडले होते. ते पाहून सगुणेने विश्रामला पाणी आणायला आत पाठवलं.

"काय झालं?"

"पारशी गृहस्थ आहेत. शांतपणे सगळ्या वह्या चाळल्या. मग पहिली आणि शेवटची शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाले, मिस्टर, हा पहिला, हा शेवटचा. दोन्ही सरखा. मग मधे इतकी वरसं तुमी काय केला?"

सगुणेने वह्या त्यांच्या हातातून काढून घेतल्या.

"म्हणाले, एक तर तुमी काय शिकला नाय, नाय तर हा पहिला वही तुमचा नाय. जो माणूस स्वतः कसा शिकला ते सांगू शकत नाय, तो पोरांना काय शिकवणार?" त्र्यंबकराव ओट्यावर बसले. "जुनी चित्रं मी सुधारली आहेत म्हणून सांगायला गेलो, तर ते आणखीच वाईट दिसायला लागलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यांनी इतकी घट्ट झाकली होती, की आत मूठभर होतं ते चिरडून गेलं. सगुणेच्या मनात ते आलं, पण पडलेल्या माणसाला टोचणं तिला जमत नसे.

"ते गेले का?" तिने विचारलं.

"संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीने जाणार आहेत. आपलीच गाडी."

कल्याण स्टेशनवर गाडीला अवकाश होता. परीक्षक एका बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. वय झालेले, स्थूल, डोळे झाकलेले. त्र्यंबकराव लांबच्या टोकाला उभे राहिले, अगदी कर्ज बुडवल्यासारखे. सगुणेने बोचकं सोडलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

त्र्यंबकरावांनी तो पाहिला आणि एक पाऊल मागे सरले. "नको. अगं, तू आहेस त्यात. परपुरुषाला दाखवू?"

"पाठच तर आहे," सगुणा म्हणाली. "पाठीला कोण ओळखतंय?"

चार घरांत कळलं असतं की घरच्या बाईचं चित्र स्टेशनवर पारशाला दाखवलं, तर बोलणं कानी आलं असतं. शिवाय कागद तिचा होता. जगात तिचा म्हणावा असा तो एकच कागद, आणि देवघरातून काढून ती तो आगगाडीच्या धुरात नाचवत होती. पण नवरा पुन्हा मुका झालेला तिला चालणार नव्हता.

त्र्यंबकराव कागद घेऊन गेले. सगुणा मागोमाग जाऊन बाकापासून चार हातांवर बोचकं पुढ्यात घेऊन बसली. परीक्षक इकडे बघतील म्हणून तिने सवयीने पाठ फिरवली. त्यामुळे पुढचं सगळं तिला कानांनीच पाहावं लागलं.

"हा तुमचा?" पारशी आवाज. मग तो म्हातारा खदखदून हसला, पण त्यात टोचणी नव्हती. "अरे, मान कुठे आहे? आता मला पटला. हा सोळा वरसाच्या पोराचा काम आहे."

"होय."

"पण हा खांदा काय केला? हा चूक आहे?"

सगुणेने श्वास धरला.

"नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "तो बरोबर आहे. त्या मुलीच्या कमरेवर जड घागर होती. मला ती दिसत नव्हती. नुसता खांदा दिसत होता." जरा थांबून ते पुढे म्हणाले, "सगळ्या वहीत एवढी एकच गोष्ट बरोबर होती, आणि मी तीच पुसायला निघालो होतो. घरातून अडवलं म्हणून वाचली."

सगुणेच्या मानेवर काहीतरी जाणवलं. कुणी पाहत असलं की पाठीलाही कळतं. इतकी वर्षं पाठ फिरवून काढलेल्या बाईला तर कळतंच. म्हातारा कागदाकडे बघत होता आणि कागदावरून तिच्याकडे बघत होता. बाईचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर होता. घागरी त्यानंतरही थांबल्या नव्हत्या, आणि खांदा कायमचा तसाच राहिला होता.

"मिस्टर," तो हळू आवाजात म्हणाला, "गाडीला टाइम आहे. हीच पाठ आता काढा. माझ्यासमोर."

त्र्यंबकरावांनी वही काढली, पेन्सिल काढली, पेटी उघडली. आणि अडले. पाणी नव्हतं. पाणपोईवाल्याने कुंचला बुडवायला भांडं दिलं नसतं, आणि त्याचं चुकतही नव्हतं. सगुणेने मान न वळवता बोचक्यातून आपला फिरकीचा तांब्या काढला, फिरकी सोडली आणि प्यायच्या पाण्याचा तो तांब्या हाताने मागे सरकवला.

त्र्यंबकराव क्षणभर त्या तांब्याकडे पाहत राहिले असावेत. मग पाण्यात कुंचला बुडाल्याचा बारीक आवाज आला.

सगुणा हलली नाही. पायाला मुंग्या आल्या, माशी कानाशी आली, एक हमाल "बाजूला व्हा" म्हणून ओरडून गेला. ती बसून राहिली. मागे कागदावर कुंचला चालत होता आणि तिला एकदम रडू आलं. दुःखाचं नव्हतं. लहानपणी परसात उभी असताना वर माडीवर कुणी आहे, हे तिला कधी कळलं नव्हतं. आज कळत होतं, घडत असतानाच कळत होतं. डोळे पुसायला हात उचलला तर चित्र बिघडेल म्हणून तिने ते तसेच वाहू दिले.

"बस," परीक्षक म्हणाले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले असावेत. "आता मला दिसला. खांदा दोन्हीत तोच आहे. बाकी सगळा शिकला तुमी. शाळेवाल्यांना लिहितो मी. हे दोन्ही कागद माझ्याकडे द्या, पत्राबरोबर त्यांना धाडतो."

"नवा घ्या," त्र्यंबकराव म्हणाले. "जुना देता येणार नाही. तो देवघरातला आहे."

म्हाताऱ्याने त्यावर काय समजून घेतलं कोण जाणे. गाडी आली तेव्हा तो नवा कागद घेऊन पुढच्या डब्याकडे गेला. जाताना सगुणेच्या बाजूने वळसा घालून गेला आणि तिच्याकडे न बघता त्याने टोपी उचलली.

जागा पुढे मिळाली. पण सगुणेला निराळीच चुटपुट लागून राहिली. कल्याणहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा पुढे ठेवताना तिने विचारलं, "कसं आलं होतं हो चित्र?"

"चांगलं आलं होतं," त्र्यंबकराव म्हणाले. "फार चांगलं. तू पाहायला हवं होतंस."

"ते तर गेलं मुंबईला."

त्र्यंबकराव चहा प्यायले. मग उठून त्यांनी परसात तुळशीपाशी पाट मांडला, रंगांची पेटी आणली आणि म्हणाले, "बस."

सगुणा पदर सारखा करून बसली. बसली ती अर्थातच पाठ करून.

"अशी नव्हे. इकडे तोंड कर."

ती वळली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलं झाली, दुखणीखुपणी झाली, पण स्वच्छ उन्हात, नुसतं बघून घेण्यासाठी ती नवऱ्यासमोर कधी बसली नव्हती. कुठे बघावं ते तिला कळेना. तिने त्यांच्या कानांकडे बघितलं. कान लाल होत चालले होते.

बराच वेळ गेला. त्र्यंबकराव काढत होते, थांबत होते, पुन्हा काढत होते. शेवटी सगुणा उठून मागे गेली आणि खांद्यावरून वाकून तिने पाहिलं. एक डोळा मोठा, एक बारीक. नाक एका बाजूला गेलेलं. हनुवटी काढायची राहिलीच होती. पूल काढणारा, बुरूज काढणारा, मिठाची रास उन्हात चमकवणारा तो हात कुठे गेला होता कोण जाणे.

"समोरून कधी काढलंच नाही गं तुला," ते म्हणाले. "थांब, नीट करतो." आणि त्यांनी कुंचला ओला केला.

सगुणेने वहीतून ते पान सोडवून घेतलं. कागद अजून ओला होता. तो दोन्ही तळहातांवर आडवा धरून ती घरात निघाली, ओसरी ओलांडून, माजघर ओलांडून. मागून त्र्यंबकराव कुंचला घेऊन आले आणि देवघराच्या उंबऱ्याशी थांबले.

"अगं, निदान नाक तरी."

"राहू द्या," सगुणा आतून म्हणाली. "पहिलंच तर आहे."